पाण्याचा पहारा सुटला तेव्हा

भिलाईच्या मरोदा तलावाचे पाणी पोलाद कारखान्याला पुरवले जाते. झोतभट्टीतून निघणारा वायू धुऊन स्वच्छ करायलाही पाणीच लागते. १२ जून २०१४ रोजी कारखान्याच्या दोन नंबरच्या पंप हाऊसमध्ये बिघाड झाला, पाण्याचा दाब घसरला आणि भट्टीचा वायू पाण्याच्याच नळातून उलटा आत शिरला. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने सहा जणांचा बळी घेतला. दोन उपमहाव्यवस्थापकही त्यांत होते.

हा वायू तेथे रोजच असतो. त्याला ना रंग, ना वास. मग घात त्याच दिवशी का झाला? कारण धोका असणे वेगळे आणि आपत्ती ओढवणे वेगळे. धोका, त्याच्या वाटेत आलेली माणसे आणि अपुरा बंदोबस्त या तिन्हींची गाठ पडली, की आपत्ती येते. पहिली गोष्ट कारखान्यात टळत नाही. उरलेल्या दोन मात्र माणसाच्या हातात असतात.

घरातही हेच. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपले, की हाच वायू साचतो. खिडकी उघडी ठेवावी, झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. कोणी बेशुद्ध दिसले, तर आधी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. नाहीतर वाचवायला धावणाराच दुसरा बळी ठरतो.