डहाणूची राखण

डहाणू तालुक्याच्या पश्चिमेला समुद्र आणि खाडी, किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या आणि पूर्वेला डोंगरउतारावर वारल्यांचे पाडे. बागायतदार, मच्छीमार आणि आदिवासी या तिघांचेही पोट हवापाण्यावर अवलंबून. मुंबईला वीज पुरवण्यासाठी याच खाडीकाठी ५०० मेगावॉटचे कोळशावरचे औष्णिक केंद्र उभारण्याचे १९८०च्या दशकाअखेरीस ठरले, तेव्हा तालुका हादरला. धुरातल्या गंधकाने चिकूचा बहर गळेल, राख खाडीत उतरली की मासळी जाईल, अशी भीती होती आणि ती अनाठायी नव्हती.

केंद्र थांबवण्याची लढाई स्थानिक हरले. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकल्पाला मोकळीक दिली. एरवी अशा ठिकाणी आंदोलन विरते. डहाणूत ते विरले नाही. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला होता. उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा घातली होती आणि तालुक्याभोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यावरही निर्बंध आणले होते. कागदावरचे हे संरक्षण प्रत्यक्षात उतरत नव्हते. म्हणून 'सँक्च्युअरी' मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेकडून पाहणी करून घेतली आणि ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी अधिसूचनेवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. डिसेंबरमध्ये ते स्थापन झाले. अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते.

डहाणूचे वेगळेपण या प्राधिकरणात आहे. मोर्चाला एक दिवस असतो, खटल्याला एक निकाल. प्रदूषण मात्र रोज चालू असते. इथे तक्रार घेऊन वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जाता येईल असे एक दार लोकांना मिळाले. गंधकाचे काय झाले, यावरून त्याची किंमत कळते. गंधक वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने मे १९९९मध्ये दिला. केंद्र चालवणारी वीज कंपनी टाळत राहिली, प्रकरण न्यायालयात गेले, तिच्याकडे बँक हमी मागण्याची वेळ आली. समुद्राच्या पाण्यावर चालणारी ती यंत्रणा अखेर २००७मध्ये सुरू झाली. एका यंत्रणेसाठी आठ वर्षे गेली. तेवढा काळ सुनावण्यांना हजर राहण्याची चिकाटी स्थानिकांनी दाखवली नसती, तर आदेश फायलीतच राहिला असता.

प्रदूषणाविरुद्ध लढण्याचा गोव्यातला मार्ग निराळा होता. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात सांकवाळच्या खत कारखान्याच्या सांडपाण्याने वेळसावच्या किनाऱ्यावर मासे मेले, तेव्हा लोक थेट रस्त्यावर उतरले. केरीच्या पठारावर नायलॉन ६,६चा कारखाना येणार म्हटल्यावर तर तो उभा राहण्याआधीच फोंडा तालुका उठला. जानेवारी १९९५मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण मारला गेला आणि पुढे कंपनीने काढता पाय घेतला. प्रकल्प येण्याआधी केलेला विरोध अधिक परिणामकारक ठरतो, हे खरे. पण त्यासाठी केरीने मोजलेली किंमत कोणत्याही गावावर येऊ नये.

डहाणूतही प्रकल्पाआधीचा विरोध एकदा फळला होता. तिथल्या किनाऱ्यावरच्या वाढवणमध्ये मोठे बंदर बांधण्याचा प्रस्ताव प्राधिकरणाने १९९८मध्ये फेटाळला होता. त्या वेळी मच्छीमारांचा विरोध आणि अधिसूचनेचे बळ एकाच बाजूला होते. बंदराचा विषय पुढे पुन्हा निघाला. जानेवारी २०१९मध्ये धर्माधिकारी यांचे निधन झाले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला परवानगी दिली. या परवानगीला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये फेटाळले आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्यानंतरही मावळला नाही. राखणीचे जे दार लोकांनी झगडून मिळवले होते, तेच या वेळी त्यांच्या बाजूने उघडले नाही.