पैठणीची मागची बाजू
हस्तकला, स्पर्धा आणि श्रावकाचा विवेक

चातुर्मास सुरू झाला की निफाड, लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला या आपल्या परिसरात स्पर्धांचे वेध लागतात. रांगोळी, गहुली, तोरण, थाळी सजावट, टाकाऊतून टिकाऊ अशी यादी महिला मंडळांच्या सूचनाफलकांवर झळकते. घरोघरी चार दिवस लगबग असते, बक्षीस समारंभ होतो, छायाचित्रे निघतात आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. या निमित्ताने भगिनी एकत्र येतात, मुलांना व्यासपीठ मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु जाणत्या श्राविकांना अलीकडे एक गोष्ट खटकते. बाजारातील तयार लेस, तयार फुले आणि चिकटवलेले खडे यांनी मढवलेली थाळी पहिली येते. आणि तीन आठवडे बसून एकेक मणी ओवलेले आजीचे तोरण उत्तेजनार्थ बक्षिसावर थांबते. पुढच्या वर्षी आजी सुई हातात घेत नाही. मग नातीला ती वीण शिकवणारे घरात कोणी उरत नाही.

प्रश्न एका बक्षिसाचा नाही. आपण कशाला मोल देतो, हा आहे.

कला आपल्याला परकी नाही

आपला समाज व्यापारी म्हणून ओळखला जातो. तराजू, वही आणि पेढी ही आपली साधने. म्हणून हाताने वस्तू घडविणे हे दुसऱ्या कोणाचे काम, असा समज नकळत रुजला आहे. परंपरा मात्र वेगळे सांगते. भगवान ऋषभदेवांनी लोकहितासाठी पुरुषांच्या ७२ कला, स्त्रियांच्या ६४ कला आणि १०० शिल्पे शिकविली, असे वर्णन कल्पसूत्रात येते. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला गणित त्यांनीच शिकविले, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणजे अक्षर, अंक आणि शिल्प ही तिन्ही एकाच हातून आलेली. त्यांतील अंक आपण जिवापाड जपला. शिल्पाकडे मात्र पाठ फिरविली.

तरीही घराच्या कोपऱ्यात ते तग धरून आहे. मारवाडातून आलेल्या कुटुंबांत बंदनवार आणि गोटापट्टीचे काम, गुजराती कुटुंबांत मोतीभरत, मंदिरमार्गी घरांत तांदळाची गहुली, स्थानकवासी घरांत आठ पदरी मुखवस्त्रिका आणि पूंजणी. नवकारवाळीचे १०८ मणी सारख्या अंतरावर गाठवणे हीसुद्धा हातोटीच आहे. अष्टमंगलातील नंद्यावर्त तांदळाने बिनचूक काढून पाहावा. नऊ कोनांचे ते वळण डोळ्यांना सोपे वाटते, बोटांना मात्र सरावाशिवाय साधत नाही.

नमुन्यांसाठीही दूर जावे लागत नाही. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईच्या जैन लेण्यांत छतावर कमळे कोरलेली आहेत. पाकळ्यांच्या वर्तुळांत नृत्य-वादन करणाऱ्या आकृती आहेत. ते एक छत पाहून रांगोळीचे कितीतरी नमुने तयार होतील. मोबाइलवरून उतरविलेल्या नक्षीपेक्षा त्यांत आपल्या मातीचा गंध अधिक असेल.

शेजारचा गुरू

आपल्याला लागून असलेला येवला तालुका पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात पैठणच्या बरोबरीने येवल्याचेही नाव आहे. आपल्यातील अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या व्यापारात आहेत. पैठणी कशी विकावी हे त्यांना सांगण्याची गरज नाही. मात्र ती कशी विणली जाते, हे किती जणांनी मागाजवळ बसून पाहिले आहे?

पारंपरिक पदर विणताना प्रत्येक रंगाच्या बाण्यासाठी वेगळी कांडी असते. मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो, तिथे तो धागा थांबतो आणि शेजारचा रंग त्यात गुंतून पुढे निघतो. धागा मागून ओढून नेला जात नाही. म्हणून अशा पदराच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. भरगच्च पदराला काही महिने लागतात. यंत्रमागावरच्या नकलेत नक्षीचे धागे मागे मोकळे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. जाणकार गिऱ्हाईक म्हणूनच पदर उलटा करून पाहते.

हा न्याय आपल्याला नवा नाही. लासलगावच्या लिलावात कोणताही व्यापारी ट्रॉलीच्या वरच्या थरावर भाव बोलत नाही. तो आत हात घालतो, कांदा दाबून पाहतो. हीच पारख आपण स्पर्धेच्या टेबलापाशी का विसरतो? तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे : खऱ्याच्या जागी नकली माल देणे. प्रतिक्रमणात आपण त्याची आलोचना करतो. विकत आणलेली वस्तू ‘स्वतः बनविलेली’ म्हणून स्पर्धेत मांडणे हा त्याचाच धाकटा भाऊ आहे. मुलांसमोर तो घडला तर धडाही तोच मिळतो.

साहित्याचा विवेक

हस्तकला शिकताना जैन घरात आणखी एक प्रश्न येतो : वस्तू कशापासून बनते? श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य, म्हणजे हस्तिदंताचा आणि लाखेचा व्यापार, यांचा नामनिर्देश आहे. आपल्या आचार्यांनी केवळ खाण्यापिण्याचा नव्हे, तर कारागिरीच्या कच्च्या मालाचाही विचार किती पूर्वी केला होता, हे यावरून दिसते.

रेशमाचा प्रश्न तर पैठणीच्या मुळाशीच आहे. कोषातील सलग धागा मिळावा म्हणून आतील जीव जिवंत असतानाच कोष उकळत्या पाण्यात टाकला जातो. पतंग कोष फोडून बाहेर पडला तर धागा तुटतो. याच कारणाने आपल्यातील अनेक कुटुंबांनी रेशीम वर्ज्य केले आहे. आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोषांपासून सूत कातून वस्त्र विणण्याची पद्धत विकसित केली आणि तिला २००६ मध्ये पेटंट मिळाले. ते ‘अहिंसा रेशीम’ म्हणून ओळखले जाते. त्याला तुकतुकी कमी, पण मार्ग निघू शकतो हे महत्त्वाचे.

घरगुती कलेत तर मार्ग सोपेच आहेत. मोत्यांऐवजी काचेचे मणी, रेशमाऐवजी सुती धागा, सरसाऐवजी मैद्याची खळ (सरस हा जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो, हे अनेकांना ठाऊक नसते) आणि रंगकामाला केसांऐवजी कृत्रिम तंतूंचा कुंचला. पैठणीचे विणकाम शिकायचे तर लहान चौकटीवर सुती धाग्याने मोर विणता येतो. तंत्र तेच राहते, हिंसा टळते.

शिकावे कसे

एका वर्षी एकच कला घ्यावी. चार शिबिरांत चार वस्तू करून पाहण्यापेक्षा एक वीण हाताला बसणे अधिक मोलाचे. आरंभ घरातूनच करावा. आजी, मावशी, काकी यांना येणारी एक तरी गोष्ट समोर बसून शिकावी आणि तिच्या पायऱ्या वहीत उतरवून ठेवाव्यात. लागलेले साहित्य आणि तास यांचीही नोंद असावी. हिशेब लिहिण्याची सवय आपल्याला आहेच. मंडळाने सहलीऐवजी एक दिवस येवल्याच्या विणकराकडे न्यावा आणि त्याच्या शिकविण्याचे मोल न मागता द्यावे. मुलगे आणि घरातील पुरुष यांनाही यात ओढावे. महिन्याभराचे काम स्वतःच्या हाताने करून पाहिलेला दुकानदार पुढे कारागिराशी घासाघीस करताना दोनदा विचार करील.

स्पर्धा कशी असावी

स्पर्धा बंद करण्याचे कारण नाही, नियम बदलावेत. काही सूचना :

१. प्रत्येक स्पर्धकाने परीक्षकांसमोर अर्धा तास प्रत्यक्ष काम करून दाखवावे.
२. वस्तू उलटी करून मागची बाजू, गाठी आणि टाके पाहावेत. निम्मे गुण या कसबाला असावेत.
३. वापरलेल्या साहित्याची यादी सोबत द्यावी. तयार घेतलेला भाग लपविण्याचे कारण नाही. तो सांगावा, इतकेच.
४. परीक्षकांत एक तरी हाताने काम करणारा कारागीर असावा.
५. आजी आणि नात, सासू आणि सून अशा जोड्यांसाठी स्वतंत्र गट असावा.

ज्यांचा हात बसला त्यांना पुढची वाटही आहे. बचत गटांतील भगिनींच्या वस्तूंसाठी राज्य शासन ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन भरविते. केंद्र शासन १९६५ पासून कुशल हस्तशिल्पींना राष्ट्रीय पुरस्कार देते; २००२ पासून ‘शिल्पगुरू’ हा सन्मानही दिला जातो. त्या नावातच गुरू आहे. पुढच्या पिढीला घडविणारा कारागीर, असा तो अर्थ.

तेवढेच आपल्या मंडळालाही करता येईल. यंदाच्या प्रवेशपत्रिकेत नाव, वय आणि गाव यांच्याखाली आणखी एक ओळ छापावी : ‘ही कला आपण कोणाकडून शिकलात?’ ती रिकामी राहू नये म्हणून तरी एखादी सून या दिवाळीपूर्वी सासूबाईंजवळ सुई-दोरा घेऊन बसेल.

जय जिनेंद्र.