चेहरा उजेडात यावा म्हणून

आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयालगतच्या जुन्या भांडारखोलीचे रूपांतर चित्रीकरण कक्षात झाले, त्यास आता तीन वर्षे होतील. विद्यार्थी, माजी विद्यार्थी, शिक्षक आणि परिसरातील महिला मंडळे असे सर्वजण हा कक्ष वापरतात. एक कॅमेरा, एक ट्रायपॉड, दोन एलईडी दिवे आणि कॉलरला लावायचा एक माइक, एवढीच काय ती सामग्री. ती कशी हाताळावी हे नव्याने येणाऱ्यांस कळावे, यासाठी हा लेखनप्रपंच. मात्र प्रारंभी आमच्या हातून घडलेली एक चूक नोंदवणे आम्ही कर्तव्य समजतो.

पहिल्याच वर्षी आम्ही एका वयोवृद्ध आजींची मुलाखत घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षा सोहळ्यास त्या बालवयात आईवडिलांसोबत गेल्या होत्या. शुभ्र साडी नेसून त्या आल्या, आम्ही त्यांना चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे बसवले आणि कॅमेरा स्वयंचलित ठेवून चित्रीकरण सुरू केले. संध्याकाळी पाहतो तो भिंत स्वच्छ, साडी स्वच्छ, आणि आजींचा चेहरा मात्र काळोखात बुडालेला. संगणकावर उजळवून पाहिला. करड्या दाण्यांपलीकडे हाती काही लागले नाही. पुन्हा चित्रित करू, असे ठरवले. पण त्याआधीच आजी गेल्या. त्यांचा आवाज आमच्याजवळ आहे; बोलताना पाणावलेले डोळे नाहीत. इतिहासाच्या शिक्षकाने एक अस्सल साधन आपल्या हाताने अर्धे गमावले, असेच म्हणावे लागेल.

असे का घडले?

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. त्याला केवळ प्रकाशाचे मोजमाप कळते. चौकटीतील एकूण उजेडाची सरासरी मध्यम करड्या छटेइतकी असावी, असे गृहीत धरून स्वयंचलित यंत्रणा काम करते. चौकटीत पांढरी भिंत आणि पांढरे वस्त्र अधिक असले, की प्रकाश फार झाला असे समजून ती सारे दृश्य मंद करते. भिंत त्यामुळे करडी होते आणि सावळा चेहरा काळा पडतो. आपल्याकडे वंदनेला, परिषदेला, जयंतीला पांढरी वस्त्रे परिधान करण्याची रीत आहे. म्हणून ही अडचण आपल्या वाट्याला वारंवार येते.

यामागे एक इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छायाचित्रांचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुनाचित्र पुरवत असे. त्यावर गोऱ्या वर्णाची स्त्री असे. ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई. तिची कांती नीट उमटली, म्हणजे रंग बरोबर आले असे मानले जाई. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या विषयाचा सविस्तर शोध घेतला आहे. तपकिरी छटा नीट उमटत नाहीत, ही चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांची तक्रार सुधारणेस कारण ठरली, असे त्यांनी नोंदवले आहे. सावळ्या माणसांचे चेहरे त्याआधीही काळवंडतच होते! ‘प्रमाण’ कोणी ठरवले, हा प्रश्न आपण धर्मशास्त्राला विचारला. तो यंत्रालाही विचारला पाहिजे. आजचे कॅमेरे पुष्कळ सुधारले आहेत. तरीही निर्णय त्यांच्यावर सोपवू नये.

प्रकाशाची मांडणी

पहिला नियम असा की, मोजमाप चेहऱ्यावर घ्यावे. मोबाइलने चित्रीकरण करताना पडद्यावरील चेहऱ्यावर बोट दाबून धरावे. मोजमाप तेथेच स्थिर होते. मग बाजूच्या सूर्यचिन्हाने उजेड थोडा वाढवावा. साडीची वीण पुसट झाली तरी चालेल, डोळे दिसलेच पाहिजेत.

दुसरा नियम अंतराचा. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले, की प्रकाश सुमारे एक चतुर्थांश उरतो. चेहरा दिव्यापासून चार फुटांवर आणि भिंत आठ फुटांवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या पाव हिश्श्याइतकाच उजेड पडेल. म्हणून माणसाला भिंतीला चिकटून बसवू नये. भिंतीवर गडद निळे कापड सोडल्यास अधिक उत्तम.

तिसरा नियम दिशेचा. मुख्य दिवा समोरून न लावता, एका बाजूस सुमारे पंचेचाळीस अंशांवर, डोळ्यांच्या पातळीहून थोडा उंच ठेवावा. सावळी कांती सौम्य प्रकाशात सुरेख झळकते. उघड्या दिव्याने मात्र कपाळावर पांढरे ठिपके उमटतात. यासाठी एलईडीपुढे, थोडे अंतर राखून, बटर पेपर धरावा. तापणाऱ्या हॅलोजन दिव्यापुढे कागद कदापि धरू नये. दुसऱ्या बाजूस थर्मोकोलचा पांढरा तक्ता उभा केला, की परतलेल्या प्रकाशाने सावली हलकी होते. दुसरा दिवा मागून, डोक्याच्या वरच्या अंगाने लावावा. काळे केस गडद पडद्यापासून वेगळे दिसतात.

कॅमेऱ्याची तीन बटणे

अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचे छिद्र. आकडा लहान तितके छिद्र मोठे, आणि स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. एकट्याच्या मुलाखतीला ४ किंवा ५.६ पुरे. शटर म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश घेण्याचा काळ. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. चित्रात मात्र पट्टे फिरतात. म्हणून सेकंदाला २५ चित्रे आणि शटर एक पन्नासांश सेकंद, हे ठरलेले ठेवावे. आयएसओ वाढवला, की उजेड वाढतो, पण दाणेही येतात. तो शेवटी वाढवावा. ही तिन्ही परस्परावलंबी आहेत. एक बदलले, की उरलेल्यांचा विचार करावाच लागतो.

यास जोडून व्हाइट बॅलन्स. पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे ३२०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५६००. दोन्ही एकत्र आले, तर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर दिसतो. खिडकीचा पडदा ओढावा आणि एकाच जातीचे दिवे लावावेत. एवढ्यापुरता जातीचा विचार क्षम्य आहे!

सामायिक वस्तूंची शिस्त

संघाच्या मालकीची खाट किंवा आसन उघड्यावर मांडून, ते न आवरता आणि कोणास न सांगता निघून जाणाऱ्या भिक्खूस विनयपिटकात दोष सांगितला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आपल्या कक्षालाही तंतोतंत लागू पडतो. बॅटरी चार्जिंगला लावणे, कार्डातील चित्रण संगणकावर उतरवून दुसरी प्रत काढणे, भिंगाला झाकण घालणे आणि नोंदवहीत सही करणे, ही चार कामे झाल्याखेरीज दार ओढू नये. आपल्यानंतर येणाऱ्यास कक्ष सज्ज मिळावा.

मुख्य म्हणजे, कोणाही वडीलधाऱ्यांस बोलावण्याआधी तासभर अगोदर एखाद्या विद्यार्थ्यास पांढरा सदरा घालून त्याच जागी बसवावे, एक मिनिट चित्रण करून मोठ्या पडद्यावर पाहावे. आम्ही त्या दिवशी हे केले असते, तर आजींचा चेहरा आज आपल्यासमोर असता.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, ते मुक्यांना स्वतःची वाणी मिळावी म्हणून. आज वाणीसोबत चेहराही नोंदवण्याचे साधन आपल्या हाती आले आहे. १९५६ पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. आपापल्या गावातील अशा वडीलधाऱ्यांची नावे विद्यार्थ्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत लिहून आणावीत. कक्षाची किल्ली ग्रंथालयात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!