न वाचलेला शब्द 'वाचला' असं का वाटतं?

आधी एक छोटा प्रयोग. खालचे शब्द एकदाच, सावकाश वाचा. नंतर पुन्हा वर बघू नका.

नांगर, बैल, पेरणी, बियाणं, वखर, खत, निंदण, फवारणी, विहीर, सोयाबीन, तूर, सोंगणी.

वाशिम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावात हे शब्द रोजच्या बोलण्यातले. आता सांगा, यादीत 'बैल' होता का? 'रेल्वे' होती का? आणि 'शेत'?

बैल होता, रेल्वे नव्हती. 'शेत'सुद्धा नव्हतं! पण 'होतं' असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही एकटे नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स डीस यांनी 1959 मध्ये अशा चुकांची नोंद केली. 1995 मध्ये हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी हे प्रयोग नव्याने केले. पलंग, आराम, थकवा, स्वप्न अशा शब्दांची यादी त्यांनी विद्यार्थ्यांना वाचून दाखवली. 'झोप' हा शब्द मुद्दाम वगळला होता. अशा वेगवेगळ्या याद्यांमधला वगळलेला शब्द विद्यार्थ्यांनी पहिल्या प्रयोगात सुमारे 40 टक्के वेळा, तर दुसऱ्यात 55 टक्के वेळा 'आठवून' लिहिला. तो शब्द ऐकल्याचं स्पष्ट आठवतं, असंही अनेकांनी सांगितलं.

असं का होतं? याची दोन मुख्य स्पष्टीकरणं दिली जातात.

पहिलं : एक शब्द वाचला की त्याच्याशी जोडलेले शब्दही मनात जागे होतात. बैल म्हटलं की शेत, पेरणी म्हटलं की पुन्हा शेत. बारा वेळा जागा झालेला शब्द नंतर चटकन आठवतो. तो वाचला होता की नुसता मनात आला होता, हे ओळखताना आपली गफलत होते.

दुसरं : मेंदू नेमक्या शब्दांपेक्षा मथितार्थ जास्त काळ जपतो. 'सगळं शेतीबद्दल होतं' एवढं लक्षात राहतं आणि 'शेत' त्यात अगदी चपखल बसतं.

अशी चूक होऊ शकते, हे आधीच सांगितलं तर ती कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. स्मरणशक्ती कमजोर असल्याचंही हे लक्षण नाही. मथितार्थ पकडण्याच्या याच सवयीमुळे आपल्याला लांबलचक बोलणंही समजतं.

मग अडचण कुठे येते? समजा, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला : अतिवृष्टी, नुकसान, पंचनामा, तलाठी, सातबारा, बँक खातं. 'भरपाई मंजूर' असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. पण संध्याकाळी पारावर तुम्ही सांगता, "मंजूर झाली, मी स्वतः वाचलं." तुम्ही खोटं बोलत नसता. पण ते ऐकून कुणी अर्ज करायचा राहिला, तर नुकसान त्याचं होतं.

म्हणून पैसा, तारीख किंवा कुणावरचा आरोप पुढे सांगण्याआधी मूळ मेसेज उघडून पुन्हा वाचा. "मला पक्कं आठवतं" असं वाटत असलं, तरीही.