आधी पूल दाखवा, मग प्रवेश मागा

बारावीचा निकाल जवळ आला की सांगली-मिरज रस्त्याला इंजिनिअरिंग कॉलेजांचे फ्लेक्स झळकू लागतात. शंभर टक्के प्लेसमेंट, लाखांची पॅकेजेस, हसरे चेहरे. कित्येक कॉलेजांत प्राध्यापकांना गावं वाटून दिलेली असतात. ते उन्हातान्हात मुलांच्या घरी जातात आणि आमच्याकडेच प्रवेश घ्या म्हणून गळ घालतात. मी सिव्हिल शिकवते. अशानं जागा भरतातही, पण मूल त्या शाखेच्या ओढीनं आलेलं नसतं, आणि पहिल्या सेमिस्टरलाच ते दिसून येतं. माझं स्पष्ट मत आहे की ही सगळी धावपळ चार वर्षं उशिरा होते. इंजिनिअरचं काम मुलांना आठवी-नववीत दिसायला हवं.

प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की मी सुविधा केंद्रावर बसते. सीईटीचा पर्सेंटाइल, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, जात पडताळणीची पावती अशी जाडजूड फाइल घेऊन बाप-लेक समोर येतात. कुठली शाखा हवी? "कॉम्प्युटर, नाहीतर एआय." का रे बाळा? पोरगा बापाकडे बघतो. त्याला दोष कसा द्यायचा? मोबाइल तरी त्याच्या हातात आहे. मेकॅनिकलचा इंजिनिअर दिवसभर करतो काय, हे त्यानं कधी पाहिलेलंच नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत सिव्हिल आणि मेकॅनिकलचे वर्ग ओस पडत गेले आणि कॉम्प्युटरच्या जागा वाढत गेल्या. २०२४-२५ पासून तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं (एआयसीटीई) चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेच्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादाच काढून टाकली.

आमच्या सांगलीत मात्र एक आकडा शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि निम्मं शहर पाण्यात बसलं. शाळाभेटीत नववीच्या वर्गात गेले की मी इथूनच सुरुवात करते. समजा, कोयना धरणातून एक लाख क्यूसेक पाणी सोडलं अशी बातमी आली. म्हणजे नेमकं किती? वर्गात शांतता. मग फळ्यावर मांडायचं. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आता एक लाख क्यूसेकनं एक टीएमसी पाणी बाहेर पडायला किती वेळ लागेल? मुलं शून्यं खोडत बसतात. दहा हजार सेकंद. त्याचे तास करा. पावणेतीन, थोडे जास्त.

"मग अख्खं धरण?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं. कोयना सुमारे १०५ टीएमसीची. एक मुलगी वहीत गुणाकार करून सांगते, "बारा दिवस, मॅडम." लगेच शेजारीण म्हणते, "आणि वरनं पाऊस सुरूच असला तर?"

या प्रश्नात जलविज्ञानाचं अर्धं पुस्तक आहे. पाणी कधी सोडायला लागायचं, किती सोडायचं, ते सांगलीत पोचायला किती तास लागतील, त्याच वेळी वारणा नदीलाही पूर असला तर काय. हे ठरवायला माणसं लागतात आणि ती माणसं इंजिनिअर असतात, एवढं त्या दिवशी मुलांना कळतं. ज्या मुलीच्या घरात छातीएवढं पाणी आलं होतं, तिला हा विषय महत्त्वाचा का, हे मला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी म्हणजे मुलांना आमच्या लॅबमध्ये आणायचं. १५० मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, साच्यात तीन थरांत ठासून भरलेला आणि २८ दिवस पाण्यात ठेवलेला. मशिनमध्ये ठेवून दाब वाढवत न्यायचा. एम-२० प्रतीचा असेल तर त्यानं सुमारे ४५ टन भार सोसायला हवा. काटा चढत जातो, मुलं श्वास रोखून बघतात, कोपऱ्यावर चीर पडते आणि आवाज करून ठोकळा फुटतो. मग दुसरा लावायचा, मुद्दाम जास्त पाणी घालून केलेला. सिमेंट तेवढंच, खडी-वाळू तीच. तो फार आधी फुटतो. माल सहज पसरावा म्हणून साईटवर सर्रास पाणी ओततात, त्याचा हा परिणाम. ज्याच्या घराचं बांधकाम सुरू असतं तो मुलगा तिथल्या तिथे विचारतो, "मग आमच्या स्लॅबला किती घातलं असेल?" तो संध्याकाळी मिस्त्रीला हे विचारणार, यात मला शंका नाही. त्यानं विचारावंच.

जत, कवठेमहांकाळकडची मुलं असली तर म्हैसाळच्या उपसा योजनेचं उदाहरण हाताशीच असतं. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी शिवारात न्यायचं. पंप मेकॅनिकलचा, मोटर आणि वीजपुरवठा इलेक्ट्रिकलचा, कालवा सिव्हिलचा, नियंत्रणाची यंत्रणा इलेक्ट्रॉनिक्सची. इंजिनिअरिंगच्या शाखा समजावून सांगायला याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

पण ओढ लावून आणलेलं मूल टिकवावंही लागतं. मराठी माध्यमातून आलेला हुशार मुलगा मेकॅनिक्स आणि एम-वनच्या, म्हणजे पहिल्या गणिताच्या, तासाला मान खाली घालून बसतो. बळाचे घटक कसे पाडायचे ते त्याला येत असतं; प्रश्नाचं इंग्रजी कळत नसतं. विषय राहतात, मग वाय.डी. होऊन वर्ष वाया जातं, मग घरी. २०२१ पासून मराठीतून पदवी शिकवायला परवानगी आहे, पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजनं तसा कॉम्प्युटरचा वर्गही सुरू केला, आणि एआयसीटीईनं मराठी पुस्तकं काढली आहेत. ती इंग्रजी पुस्तकाशेजारी उघडून ठेवा, असं मी पहिल्या आठवड्यातच सांगते. वर्गात मी दोन्ही भाषांत बोलते, आणि त्यानं दर्जा उतरत नाही.

मुलींचं वेगळं आहे. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींना शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. फार चांगला निर्णय. तरी वडील विचारतात, "मॅडम, पोरगी साईटवर उभी राहणार का?" मी म्हणते, काका, राहील. पण साईटवर तिच्यासाठी स्वच्छतागृह हवं आणि रात्री परतायला गाडी हवी. ते बघणं कंत्राटदाराचं काम आहे, आणि आजही पुष्कळ ठिकाणी ते होत नाही.

पगाराचंही मी लपवत नाही. सिव्हिलचा पहिला पगार आयटीपेक्षा बहुतेकदा कमी असतो आणि दिवस लांब असतो. जोवर बांधकाम कंपन्या नव्या इंजिनिअरला सुपरवायझरच्या भावात राबवतील, तोवर आमच्या शाळाभेटी कितीही रंगल्या तरी चांगली मुलं पहिल्या नोकरीनंतर दुसरीकडे जातील.

१५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, अभियंता दिन असतो. ते पुण्याच्या आजच्या सीओईपीचे विद्यार्थी. १९०३ साली खडकवासल्याला त्यांनी पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. कार्यालयांत त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घालतात, भाषणं होतात. तो एक दिवस पंपगृहं, वीज उपकेंद्रं, बंधारे जवळच्या शाळांना खुले करावेत, ही माझी कार्यकारी अभियंत्यांना विनंती आहे. हेल्मेटं आमच्या लॅबमधून देऊ, मुलांना आणण्या-नेण्याचं शाळा बघतील. परवानगीचं पत्र मात्र जूनमध्येच हातात पडलं पाहिजे, म्हणजे शिक्षकांना आधी वर्गात क्यूसेकचा हिशेब करून घेता येईल.