बाळ मान धरीत नाही, दोष आईचा नव्हे

चार महिन्यांचे बाळ मान धरीत नाही, पाय झाडीत नाही, की घरात आईलाच बोल लागतो. आम्हाला हे पटत नाही. याचे एक कारण स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा आजार असू शकते. 'एसएमएन-१' हे जनुक आईबाप दोघांकडून बिघडलेले आले, की मज्जारज्जूतील स्नायू हलविणाऱ्या पेशींना प्रथिन कमी पडते आणि त्या मरतात. बुद्धी शाबूत राहते. जोडीचे 'एसएमएन-२' जनुक अर्धवट चालते. २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेले रिसडिप्लाम हे तोंडाने घ्यायचे औषध त्याच्याकडून अधिक प्रथिन करवून घेते. बाटली लाखांत होती. २०२५ मध्ये न्यायालयाने पेटंटवाल्या कंपनीला मनाईहुकूम नाकारला आणि भारतीय बाटली १५,९०० रुपयांना आली. हातावर पोट असणाऱ्याला तीही महागच, कारण औषध कायम चालू ठेवावे लागते. मेलेली पेशी परत येत नाही. तेव्हा अंगारेधुपारे करीत न बसता बाळाच्या रक्ताची जनुकतपासणी डॉक्टरांना लगेच विचारा.