दारावर शंभर टन ऊस

‘द गाझी अटॅक’ १७ फेब्रुवारी २०१७ ला लागला आणि पाहून आलेल्यांची भांडणं सुरू झाली ती राष्ट्रगीतावरून. शत्रूची पाणबुडी कान लावून बसलेली असताना आपले खलाशी मोठ्यानं राष्ट्रगीत म्हणतील का? कुणाच्या अंगावर शहारे आले, कुणाला हसू आलं. नाचगाणं नाही, प्रेमाची भानगड नाही, म्हणून बहुतेकांनी दिग्दर्शक संकल्प रेड्डींची पाठ थोपटली. पाण्याखालची संगणकावरची दृश्यं काहींना खेळण्यातली वाटली. के. के. मेनन, राणा दग्गुबाती आणि बेळगावात जन्मलेले आपले अतुल कुलकर्णी यांचं कौतुक झालं. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. या सगळ्या चर्चेत खोलीच्या काट्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. मला त्या सिनेमात भीती वाटली ती त्या काट्याची. आणि त्याची परीक्षा करायला सांगली-साताऱ्यातल्या शेतकऱ्याइतका लायक प्रेक्षक दुसरा नाही.

कारण इथे पाण्याचा दाब रोज ‘किलो’त मोजतात. तासगावच्या द्राक्षबागेत ठिबक चालू करताना पहिला प्रश्न येतो तो किती किलो प्रेशर आहे हाच. जतमध्ये बोअरची गोष्ट निघाली की मोटर किती फुटांवर सोडली, हे आधी विचारतात. हा किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवरचा भार. पाणी दहा मीटर उभं राहिलं की तळाशी एक किलो, वीस मीटरला दोन, शंभर मीटरला दहा. पाणबुडीची सगळी भीती या एवढ्या पाढ्यात आहे.

दहा किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण एका चौरस मीटरमध्ये दहा हजार चौरस सेंटिमीटर असतात. म्हणजे शंभर मीटर खोलीवर चौरस मीटरभर दारावर एक लाख किलो, शंभर टन. वाळव्यापासून कराडपर्यंत ऊसवाल्यांचं स्वप्न आहे एकरी शंभर टनाचं. काहींनी ते काढूनही दाखवलंय. तो अख्ख्या एकराचा ऊस, मोळ्या बांधून, एका दारावर रचलेला. तीनशे मीटरवर तीन एकरांचा. आता ७० मीटर लांब आणि ७ मीटर व्यासाची एक नळी डोळ्यांसमोर आणा, साधारण डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीएवढी. तिच्या अंगाचं क्षेत्रफळ दीड हजार चौरस मीटरच्या वर जातं. तीनशे मीटर खोलीवर तिच्यावर चहूबाजूंनी मिळून साडेचार लाख टनांहून जास्त भार येतो. महाराष्ट्रातला एखादा साखर कारखाना अख्ख्या हंगामात सरासरी एवढाच ऊस गाळतो.

ती चेपत का नाही? गोल आहे म्हणून. दाब सगळीकडून सारखा आला की पोलाद स्वतःलाच आवळून धरतं. पण गोलाईत कुठे पोचा पडला, सांधा कुठे सैल झाला, की तोच भार त्या एका जागी घुसतो. १८ जून २०२३ ला टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली छोटी पाणबुडी ‘टायटन’ चेपली तेव्हा आतल्या पाच जणांना कळायलाही वेळ मिळाला नसेल. असा चुराडा मिलिसेकंदांत आटोपतो. सिनेमाला हे परवडत नाही. त्याला बोल्ट तडातडा उडवावे लागतात, पाण्याची पिचकारी दाखवावी लागते, घामेजलेले चेहरे जवळून दाखवावे लागतात. लोखंड कुरकुरण्याचा आवाज मात्र खोटा नाही.

पाणी किती आहे याच्याशी दाबाला काही देणंघेणं नसतं. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, तेव्हा धरण भरलं की जवळजवळ तीन लाख कोटी लिटर. शिवसागर जलाशयात सर्वांत खोल जागी सुमारे ८० मीटर पाणी उभं राहतं, म्हणजे तळाला आठ किलो. जतच्या साडेसहा इंची बोअरमध्ये, पाऊसपाणी चांगलं झालेल्या वर्षी, मोटरीवर दोनशे साठ फूट पाणी उभं असेल तर त्या मोटरीवरही बरोबर आठच किलो. तीन लाख कोटी लिटर एकीकडे, आठ-नऊ पिंपं दुसरीकडे, आणि काटा एकाच आकड्यावर. पुढची गंमत अशी, की कोयनेचं हेच पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजघराकडे सोडलं की ते जवळपास पावणेपाचशे मीटर खाली उतरतं आणि टर्बाइनपाशी पोचेपर्यंत सत्तेचाळीस किलोंवर जातं. धरणात कुठेही नसलेली खोली सह्याद्रीच्या पोटातल्या नळीत आहे. एवढ्या दाबात उतरायला बहुतेक डिझेल पाणबुड्या धजणार नाहीत.

खरी ‘गाझी’ तर आणखी उथळ पाण्यातली. १९४४ मध्ये अमेरिकेत ‘डायाब्लो’ नावानं पाण्यात उतरलेली ही पाणबुडी १९६४ मध्ये पाकिस्तानला मिळाली. लांबी ९५ मीटर आणि चाचणीची खोली चारशे फूट, म्हणजे बारा किलो. कोयनेच्या पायाशी उभी केली तर १०३ मीटरच्या धरणाच्या माथ्याला तिचं टोक पोचणार नाही. १४ नोव्हेंबर १९७१ ला ती विमानवाहू ‘विक्रांत’च्या मागावर कराचीहून निघाली. ‘विक्रांत’ अंदमानकडे होती आणि तिचं सोंग ‘आयएनएस राजपूत’ वठवत होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणम बंदराच्या तोंडाशी बुडाली. राजपूतच्या डेप्थ चार्जमुळे, असं भारत म्हणतो. स्वतःच्या सुरुंगामुळे, असं पाकिस्तान. पाण्याखालचं ते लांबलचक द्वंद्व सिनेमावाल्यांचं आहे.

पाणबुड्यांच्या काही मोठ्या अपघातांत हे उथळ पाणीच पुन्हा पुन्हा दिसतं. तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकणारी ‘सिंधुरक्षक’ १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत, धक्क्याला बांधलेली असताना, आतल्या स्फोटांनी बुडाली. १८ जण गेले. सकाळी तिचा थोडा भाग पाण्याबाहेर दिसत होता. मारलं ते पाण्याच्या दाबानं नव्हे, तिच्याच पोटातल्या दारूगोळ्यानं.

रशियाची ‘कुर्स्क’ १२ ऑगस्ट २००० ला बॅरंट्स समुद्रात १०८ मीटर पाण्यात बसली. तिची लांबी होती १५४ मीटर. म्हणजे ती नाकावर उभी राहिली असती तर शेपटाकडचा ४६ मीटरचा भाग पाण्यावर, कोरड्या हवेत असता. एखाद्या सिनेमात कुणी असं लिहिलं असतं तर आपण हसलो असतो. ११८ माणसांपैकी २३ जण स्फोटांनंतर मागच्या नवव्या कप्प्यात जिवंत होते, आणि बाहेरून तिथली झडप उघडली ती नॉर्वेच्या गोताखोरांनी, नऊ दिवसांनी. तोवर आत कुणी उरलं नव्हतं.

कुर्स्कमधला पहिला स्फोट आणि दुसरा यांत सव्वादोन मिनिटं गेली. दुसऱ्याची नोंद भूकंपमापकांवर ४.२ अशी झाली. पाटण तालुक्यात ४.२ म्हणजे भांडी वाजली एवढंच. सकाळी चहाला विषय होतो आणि दुपारी विसरतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ६.३ चा होता. मधला फरक २.१ चा दिसतो, पण या मापात एका अंकाला ऊर्जा सुमारे बत्तीसपट वाढते. त्या हिशेबानं कोयनेच्या पहाटे जमिनीतून निघालेली ऊर्जा कुर्स्कच्या स्फोटाच्या चौदाशेपट भरते. आणि तरी तो चौदाशेवा हिस्सा शंभराच्या आसपास माणसं काही क्षणांत संपवायला पुरला, कारण ती सगळी एकाच नळीत होती.

थॉमस व्हिंटरबर्गनं या अपघातावर २०१८ मध्ये ‘कुर्स्क’ काढला. रशियन खलाशी इंग्रजीत बोलतात म्हणून बरेच प्रेक्षक वैतागले. माझी तक्रार तशी नाही. नवव्या कप्प्यातला थंडीचा, तेलकट पाण्याचा भाग त्यानं चोख दाखवलाय. ‘गाझी’त कप्तान आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी सारखे एकमेकांवर चढतात, ते मला जास्त खटकलं. साताऱ्याच्या सैनिक शाळेतून १९६१ पासून पोरं फौजेत जातायत, आपशिंगे मिलिटरीत घरटी जवान आहे. अशा मुलखातला प्रेक्षक साहेबाला असं कोण उलटून बोलतं, हे विचारणारच.

या जातीच्या सिनेमांत अजून वरचढ आहे तो वोल्फगांग पीटरसनचा ‘दास बोट’, १९८१ चा. सुरुवातीलाच पडद्यावर आकडा येतो: दुसऱ्या महायुद्धात ४० हजार जर्मन खलाशी पाणबुड्यांवर गेले, ३० हजार परतले नाहीत. पीटरसन सांगायचे, की लॉस एंजेलिसच्या खेळाला हा आकडा दिसताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. शत्रूच मेला होता ना! अडीच तासांनी सिनेमा संपला तेव्हा तेच लोक त्या खलाशांसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. ‘गाझी’ला हे साधलेलं नाही. त्या पाणबुडीवर ९३ माणसं होती, तीही बारा किलोंच्या भिंतीआड श्वास घेणारी. सिनेमात ती एका कडव्या कप्तानाच्या मागे नुसती उभी राहतात, आणि त्याचे गुण मी कापतो.